रेडिओचा पासंग



पासंग हा शब्द आता बोलण्यात फारसा येत नाही. ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ एवढ्या एका वाक्प्रचारात तो शिल्लक आहे. पण ज्यांनी मंडईत किंवा रविवार पेठेत हाततराजूवर तोललेला माल घरी आणला आहे, त्यांना ती वस्तू आठवत असेल. दोन्ही पारडी रिकामी असूनही तराजूची दांडी एका बाजूला कललेली असायची. मग वर गेलेल्या पारड्याला दुकानदार दगडाचा तुकडा नाहीतर लोखंडाची कडी बांधून दांडी सरळ करायचा. तो पासंग. शब्द फारसीतून आलेला आहे आणि त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. गंमत अशी, की तराजूच्या अंगच्या खोटीलाही पासंगच म्हणायचे आणि ती खोट भरून काढणाऱ्या दगडालाही पासंगच.

रेडिओलाही असा पासंग असतो. इंजिनीयर मंडळी त्याला ‘ऑफसेट’ म्हणतात. आम्हा लिहिणाऱ्यांना ऑफसेट म्हटलं की छापखाना आठवतो, पुस्तकाची मुद्रितं आठवतात. हा ऑफसेट वेगळा. बाहेरून काहीही येत नसताना यंत्राचा काटा शून्यावर नसणं, हा तो ऑफसेट. भाजीच्या तराजूत तोळा-दोन तोळ्यांचा फरक चालून जातो, कारण भाजी किलोत असते. रेडिओत उलटा प्रकार आहे. तिथे तोलायचा माल अनेकदा पासंगाच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नसतो. हा पासंग काढायला माणसं कशी शिकली, त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. आणि तो पुण्यातून सांगण्यासारखा आहे, कारण जगातल्या अतिशय नाजूक तराजूंपैकी एक आपल्या जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला उभा आहे.

आधी घरातल्या रेडिओकडे बघू. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. मध्यम लहरींवर ते आपण कित्येक वर्षं ७९२ किलोहर्ट्झला लावत आलो. ते लावण्यासाठी बटण फिरवलं, की आपला संच नुसता ऐकत नसे. तो स्वतःही एक सूर धरत असे, १२४७ किलोहर्ट्झचा. दोन सूर एकमेकांत मिसळले की त्यांच्यातल्या फरकाइतका तिसरा सूर निर्माण होतो. तंबोरा जुळवताना जोडीच्या तारांत किंचित फरक राहिला, तर जी आंदोलनं ऐकू येतात ती या फरकाचीच. १२४७ मधून ७९२ गेले, राहिले ४५५. तुम्ही कोणतंही केंद्र लावा, संच त्याचं रूपांतर या ४५५ मध्येच करायचा आणि पुढचं सगळं काम, गाळणं आणि मोठं करणं, त्याच ठरलेल्या सुरावर चालायचं. ही युक्ती अमेरिकेच्या सैन्यातला एडविन आर्मस्ट्राँग नावाचा अधिकारी १९१८ साली पॅरिसमध्ये असताना त्याला सुचली. तिला सुपरहेटरोडाइन म्हणतात. आपल्या आजोबांचा मर्फी असो की बुश, पोटात हीच करामत होती.

पण हा मधला मुक्काम महाग पडतो. त्याला गुंडाळ्या लागतात, गाळण्या लागतात, जागा लागते, वीज लागते. मग कोणालाही वाटेल, की मधे थांबायचंच कशाला? संचाने केंद्राच्या सुराइतकाच सूर धरावा, ७९२ला ७९२. फरक शून्य. वाहक लहर गळून पडेल आणि तिच्यावर स्वार झालेलं गाणं किंवा भाषण तेवढं थेट हाती येईल. इंग्लंडमध्ये कोलब्रुक यांनी १९२४ साली असा संच मांडला, १९४७ साली टकर यांनी तीच कल्पना आणखी सुधारून पुढे आणली. कागदावर याहून सोपं काही नाही. तरीही पुढची कित्येक वर्षं बाजारात सुपरहेटचंच राज्य राहिलं.

याचं कारण असं, की रेडिओ संच हा स्वतःही एक छोटासा प्रक्षेपक असतो. १९२०च्या दशकात विलायतेत याचा फार उपद्रव होता. कोणी आपला संच जास्त ताणला, की शेजाऱ्याच्या संचात शिट्ट्या वाजायच्या. बीबीसीचे मुख्य इंजिनीयर एकर्सली यांना रेडिओवरूनच लोकांना विनवावं लागलं, की कृपा करून असं करू नका. शेजाऱ्याचा त्रास एक वेळ सोडा. थेट पद्धतीच्या संचात हा गळका सूर स्वतःच्याच दारात परत येतो. आतला ऑसिलेटर जो सूर धरतो त्याचा थोडा अंश तारांतून, पट्ट्यांतून झिरपत अँटेनाकडे जातो, तिथून परावर्तित होतो आणि बाहेरून आलेल्या लहरीच्या वेषात पुन्हा आत शिरतो. आत त्याची गाठ पडते ती स्वतःशीच. दोन्ही सूर तंतोतंत एक, त्यामुळे आंदोलन नाही, फरक शून्य. उरतो तो एक स्थिर दाब, जो गाणंही नाही आणि गोंगाटही नाही. हाच रेडिओचा पासंग.

त्याचं प्रमाण किती? अशा चिपमध्ये हा स्थिर दाब दहा मिलिव्होल्टच्या आसपास जाऊ शकतो, आणि त्याच ठिकाणी पोचलेला खरा संदेश कधीकधी जेमतेम तीस मायक्रोव्होल्टचा असतो. म्हणजे मालाच्या तीनशे पटींहून मोठा पासंग! आता हे दोघं मिळून पुढच्या अॅम्प्लिफायरमध्ये गेले आणि त्याने दोघांनाही हजारपट केलं, की तो बिचारा पासंगानेच गच्च भरून जातो. खऱ्या संदेशाला जागाच उरत नाही. शिवाय हा पासंग एका जागी राहत नाही. अँटेनाजवळ हात नेला, जवळून गाडी गेली, की परावर्तन बदलतं आणि पासंगही बदलतो. दुकानदाराने एकदा दगड बांधला आणि वर्षभर निश्चिंत झाला, असं इथे होत नाही.

या दुखण्यावरचा नामी इलाज रेडिओ विकणाऱ्यांच्या आधी आकाश ऐकणाऱ्यांनी शोधला. त्यांच्यापुढे पर्यायच नव्हता. दूरच्या दीर्घिकेतून येणारी रेडिओ लहर ग्रहणयंत्राच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा हजारो पटींनी क्षीण असते. ती ऐकायची तर तासन्‌तास थांबून सरासरी काढावी लागते. खरखर ही कधी वर कधी खाली, त्यामुळे सरासरीत ती विरत जाते. पासंग मात्र विरत नाही. तो प्रत्येक वेळी त्याच बाजूला झुकलेला असतो. तुम्ही जितका जास्त वेळ ऐकाल, तितका तो ठळक होत जातो आणि आकाशाच्या नकाशावर जिथे काहीच नाही तिथे उजेड दाखवतो.

माझ्या अब्बांचं छोटं किराणा दुकान होतं. एखाद्या गिऱ्हाइकाने तराजूवर शंका घेतली तर ते वाद घालत नसत. माल होता त्या पारड्यात वजन ठेवायचे, वजन होतं त्या पारड्यात माल, आणि पुन्हा दांडी उचलायचे. तराजू खोटा असेल तर एकदा माल जड भरेल, एकदा हलका, आणि खरं वजन दोन्हींच्या मधे कुठेतरी असेल. पारडी बदलली तरी तराजूची खोट बाजू बदलत नाही. एवढ्या साध्या गोष्टीवर विसाव्या शतकातलं बरंचसं रेडिओ खगोलशास्त्र उभं आहे, हे मला कळलं तेव्हा मजा वाटली.

अमेरिकेतल्या रॉबर्ट डिकी यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या यंत्रात ग्रहणयंत्राला सेकंदाला तीस वेळा आकाश आणि एक ठरावीक उष्ण वस्तू असं आलटून पालटून दाखवलं जात होतं. दोन्हींतला फरक तेवढा खरा, बाकी सगळं यंत्राचं. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी १९५२ साली दोन अँटेनांच्या जोडीवर तोच न्याय लावला. एका अँटेनाच्या तारेत अर्ध्या तरंगलांबीचा जास्तीचा तुकडा घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. तुकडा घातला की आकाशातून आलेल्या संदेशाचं चिन्ह उलटतं, अधिकचं उणे होतं. यंत्रात मागाहून मिसळलेली स्थिर खोट मात्र उलटत नाही. वजाबाकी केली की ती निघून जाते. राइल यांना १९७४ साली अँटनी ह्युइश यांच्यासोबत नोबेल मिळालं, ते रेडिओ खगोलशास्त्रातल्या अशा कामांसाठीच.

आता गोविंद स्वरूप यांच्याकडे येऊ. १९२९ साली उत्तर प्रदेशात जन्मलेला हा माणूस १९५३ साली ऑस्ट्रेलियात गेला आणि सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे सहा-सहा फुटी तबकड्यांवर काम शिकला. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना त्यांच्यापुढे एक प्रश्न आला. अँटेना दूरवर पसरलेल्या, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या तारांची लांबी उन्हाथंडीने कमीजास्त होणार. ती मोजायची कशी? तारेतून संदेश पाठवायचा आणि टोकाहून येणारा प्रतिध्वनी बघायचा, हे ठीक. पण तारेतला प्रत्येक जोड, प्रत्येक वळण आपला वेगळा प्रतिध्वनी पाठवतं. टोकावरचा कोणता आणि वाटेतला कोणता? स्वरूप आणि के. एस. यांग यांनी १९६१ सालच्या लेखात याचं उत्तर दिलं. टोकाला एक डायोड बसवायचा आणि त्याची ठेक्यात उघडझाप करायची. जो प्रतिध्वनी त्या ठेक्यात लुकलुकतो तो टोकाचा. जे स्थिर आहेत ते वाटेतले, ते सोडून द्यायचे. समोरच्या टेकडीवर कोणी आरसा हलवत असेल, तर शंभर चकाकणाऱ्या दगडांतूनही तो आरसा ओळखता येतो, तसं.

१९६३ साली स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पॉट्स हिलच्या बत्तीस तबकड्या तिथे टाकाऊ झाल्या होत्या. त्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या आणि १९६५ साली कल्याणला त्यांची रांग उभी राहिली. सूर्याचं निरीक्षण करणारी ही देशातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण. एके काळी आकाश ऐकण्यासाठी कल्याणला जावं लागे, हे आज लोकलमध्ये लटकणाऱ्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. त्यानंतर १९७० साली उटीच्या डोंगर-उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली, आणि मग खोडद.

खोडदच्या जीएमआरटीबद्दल आपल्याकडे बरंच लिहून आलं आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या चौदा मध्यभागी एका चौरस किलोमीटरच्या आसपास आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पंचवीस किलोमीटरचा पसारा. पोलादी दोऱ्यांवर ताणलेल्या तारांच्या जाळीची ती हलकी तबकडी स्वरूप यांची, आणि तिचं जे कौतुक झालं ते रास्तच आहे. तरी मला वाटतं, आपण तबकड्यांचे फोटो फार काढले आणि त्यांच्या पोटातल्या ग्रहणयंत्रांकडे कमी पाहिलं. जाळी लहर गोळा करते. ती खरी की खोटी, हे ग्रहणयंत्र ठरवतं.

तीस अँटेनांच्या जोड्या लावल्या तर ४३५ होतात. प्रत्येक जोडीतले दोन संदेश एकमेकांशी ताडून पाहिले जातात. जे दोन्हींत सारखं आहे ते आकाशातलं, असं मानायचं. पण एका अँटेनाचा संदेश वाटेत झिरपून दुसरीच्या तारेत शिरला, तर तोही दोन्हींत सारखाच दिसणार. म्हणजे पासंगच. यासाठी खोडदच्या यंत्रणेत राइल यांचीच पारडी बदलण्याची सोय केलेली आहे, मात्र प्रत्येक संदेशाला वेगळा ठेका देऊन. हे ठेके जोसेफ वॉल्श या अमेरिकन गणितज्ञाने १९२३ साली मांडले. त्यांची खुबी अशी, की कोणतेही दोन ठेके घ्या, पूर्ण आवर्तनात ते जितक्यांदा जुळतात तितक्यांदाच विरुद्ध पडतात, बाकी शून्य. अँटेनापाशीच संदेशाला त्याचा ठेका चढवायचा आणि मुक्कामाला पोचल्यावर तो उतरवायचा. वाटेत जे परकं मिसळलं त्याचा ठेका जुळत नाही आणि बेरजेत ते स्वतःच स्वतःला खोडून टाकतं. तबलजींना हे सांगावं लागणार नाही.

शिवाय घरचा आवाज घरात कोंडावा लागतो. अँटेनांचे संदेश ताडून पाहणारी यंत्रं स्वतःच रेडिओ लहरी सोडतात, म्हणून ती धातूच्या आवरणाच्या बंदिस्त खोलीत ठेवलेली आहेत. आकाश ऐकणाऱ्या दुर्बिणीला आपल्या मेंदूचीही कुजबुज सोसत नाही.

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये ही दुर्बीण जगातल्या शास्त्रज्ञांसाठी अर्पण झाली. २०१९ सालापर्यंत तिची यंत्रणा जवळपास नवी झाली आणि एका वेळी ऐकता येणारा पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. तिच्या कानांची परीक्षा २०१६ साली झाली. त्या वर्षी १९ ऑक्टोबरला युरोपचं श्यापारेली हे छोटं यान मंगळावर उतरणार होतं. त्याचा रेडिओ होता मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानाशी बोलण्यापुरता, जेमतेम काही वॉटचा. साडेसतरा कोटी किलोमीटरवरून, पावणेदहा मिनिटांच्या प्रवासानंतर तो सूर खोडदला ऐकू आला. उतरण्याच्या ठरल्या वेळेच्या जरा आधी तो थांबला. यान कोसळलं होतं.

चौकशीत जे निघालं ते आजच्या विषयाला सोडून नाही. छत्री उघडताना यान जोरात गरगरलं, आणि वळण मोजणारा त्याचा संवेदक सुमारे सेकंदभर कमाल आकड्यावर अडकून राहिला. तेवढ्यात हिशेबात जी खोट शिरली ती पुढे तशीच चालत राहिली. यान पावणेचार किलोमीटर उंचीवर असताना त्याच्या संगणकाने उंची काढली ती जमिनीच्या खाली! त्याने छत्री सोडली, इंजिनं बंद केली. तराजू रिकामा करून पुन्हा शून्य पाहण्याची सवड त्याला मिळालीच नाही.

तिकडे जमिनीवर, सर्वसामान्य माणसाच्या खिशात, हा प्रश्न वेगळ्याच घाईतून आला. खिशातल्या यंत्राला बॅटरी छोटी लागते. मधला मुक्काम परवडत नाही, म्हणून इंजिनीयर थेट पद्धतीकडे वळले आणि पासंग दत्त म्हणून पुढे उभा राहिला. पहिली सुटका पेजरमध्ये झाली. आपल्याकडे पेजर आले १९९५ साली आणि दहा वर्षांच्या आत विसरलेही गेले, पण त्यांची यंत्रणा हुशारीची होती. पेजरचा संदेश वाहक लहरीच्या थोडा वर आणि थोडा खाली असा दोन सुरांत पाठवत. नेमक्या मध्यावर जवळपास काहीच नसे. मग मध्यावरचं सगळं कापून टाका, पासंगासकट! माल तिथे नव्हताच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये अख्खं ग्रहणयंत्र एका चिपवर बसलं ते या सवलतीमुळे.

मोबाइलला ही सवलत नव्हती. जीएसएम फोनचा संदेश नेमक्या मध्यावरही भरलेला असतो. तिथे कापाकापी केली तर शब्दच जातात. १९९०च्या दशकात या गुंत्यावर जगभर डोकी चालली. कॅलिफोर्नियात असद अबिदी आणि बेहझाद रझावी यांनी १९९५ आणि १९९७ साली लिहिलेले लेख या विषयाचे अभ्यासक आजही वाचतात. एक उपाय अगदी दुकानदारी थाटाचा होता. जीएसएममध्ये एकाच लहरीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी येते ती एका सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षाही कमी वेळात. आपली पाळी येण्याच्या क्षणभर आधी फोन अँटेनाकडचं दार बंद करतो, रिकाम्या पारड्यांचा कल पाहून ठेवतो आणि पाळीच्या वेळी तेवढा वजा करतो. आपण ‘हॅलो’ म्हणून एक श्वास घेईपर्यंत त्याने शेकडो वेळा पासंग बांधून सोडलेला असतो. बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या संशोधकांनी दुसरी वाट काढली. अगदी शून्यावर न जाता शून्याच्या थोडं अलीकडे थांबायचं, म्हणजे पासंग एका बाजूला आणि माल दुसऱ्या बाजूला राहतो. कमी विजेवर चालणाऱ्या ब्लूटूथच्या अनेक चिपांनी हीच वाट धरली.

वाय-फायवाल्यांनी तर पासंगाशी भांडणच ठेवलं नाही. तिथे संदेश एका लहरीवर न पाठवता पन्नासेक बारीक लहरींत वाटून पाठवतात, आणि त्यातली नेमकी मधली लहर मुद्दाम रिकामी सोडतात. पंगतीत एक पाट मांडून ठेवायचा आणि त्यावर कोणाला बसवायचं नाही. पासंग येऊन बसला तर बसू दे, त्याला वाढायचं नाही.

अशी ही विद्या तुमच्या-माझ्या खिशात आली आणि खोडदच्या माळावर तिने नवी पंचाईत केली. फोन स्वस्त झाले, त्यांचे मनोरे गावोगाव आले, आणि आकाशातल्या क्षीण लहरी ऐकणाऱ्या तबकड्यांच्या भोवती हा बोलका शेजार वाढला. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला विद्यार्थ्यांचं विज्ञान प्रदर्शन भरत आलं आहे आणि तेव्हा दुर्बीण जवळून पाहता येते. मुलांना घेऊन जरूर जा. दुर्बिणीच्या आवारात फोन मात्र बंद ठेवावा लागतो.